दोन भाषांत बोलत झालेली मेंदूची शस्त्रक्रिया

माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याशी संबंधित भागाजवळ गाठ आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी सांगितले, की ती काढताना तुम्हाला जागे ठेवावे लागेल. भाषेच्या जागा प्रत्येकाच्या मेंदूत थोड्या वेगळ्या असतात आणि त्या बोलत्या माणसातच शोधाव्या लागतात. मी सोलापुरात मराठी शिकवतो, पण पूर्व भागातल्या आमच्या पद्मशाली (तेलुगू विणकर समाजाच्या) घरात बोलणे तेलुगूतच होते आणि आईला मराठी समजत असले तरी बोलता येत नाही. म्हणून तपासणी दोन्ही भाषांत व्हावी, असा आग्रह मी धरला. डॉक्टरांनी तो लगेच मान्य केला. दोन भाषा येणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा एकाच भाषेच्या असू शकतात, हे ओजेमन आणि व्हिटेकर या संशोधकांनी १९७८ मध्येच मांडले होते.

आदल्या दिवशी स्पीच थेरपिस्टने चित्रे दाखवली आणि ज्यांचे नाव घेताना मी अडखळलो ती बाजूला काढली. तेलुगू उत्तरे पडताळायला आमच्याच भागातल्या एक सिस्टर थिएटरमध्ये थांबणार होत्या, याचा मला फार आधार वाटला.

मला जाग आली तेव्हा कवटी उघडलेली होती. डोक्याची त्वचा बधिर केलेली होती आणि खुद्द मेंदूला वेदना कळत नाहीत. उजव्या मनगटावर विजेचे बारीक ठोके देताच अंगठा उडू लागला. त्या ठोक्यांची मेंदूत पोचणारी लहर मेंदूवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडच्या पट्टीवर ज्या खाचेच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट दिसली, ती हालचाल आणि स्पर्श यांच्या भागांमधली सीमा. मग पाच मिलिमीटर अंतरावरच्या दोन टोकांनी एकेका जागी काही सेकंद विजेचा सौम्य प्रवाह देणे सुरू झाले. प्रवाहाने ती जागा तेवढ्यापुरती काम करेनाशी होते; तेव्हा बोलणे अडले, तर ती भाषेची जागा. प्रवाह थांबल्यावरही पट्टीवर लहरी उमटत राहिल्या, तर झटका येण्याचा धोका असतो आणि त्या वेळची चूक नेमकी कोणत्या जागेची हेही सांगता येत नाही. एकदा तंत्रज्ञ म्हणाले, "थांबा, लहरी आहेत." लगेच मेंदूवर बर्फासारखे थंड सलाईन सोडले आणि प्रवाह कमी केला.

प्रत्येक चित्राला "हे … आहे" असे पूर्ण वाक्य म्हणायचे होते, म्हणजे तोंड अडले की शब्द अडला ते कळते. छत्रीचे चित्र आले. मी "हे" म्हणालो आणि पुढे काहीच आले नाही. छत्री समोर स्पष्ट दिसत होती, ती कशासाठी असते हेही मनात होते, पण रोज फळ्यावर लिहितो त्या भाषेतला तो साधा शब्द सापडेना. त्याच जागी सिस्टरांनी तेलुगूत विचारले, तर "गोडुगु" हा शब्द सहज आला. मधे दुसऱ्या जागा तपासून तीन वेळा खात्री केली आणि तिथे चार क्रमांकाची चिठ्ठी ठेवली. मॉन्ट्रियलचे मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्डही मेंदूवर अशाच क्रमांकाच्या चिठ्ठ्या ठेवत. नऊ क्रमांकाच्या जागी मात्र दोन्ही भाषा अडल्या.

पुढचे तीन-चार दिवस मी सावकाश बोलत होतो. आईशी पहिले बोलणे तेलुगूत झाले. चार आणि नऊ या चिठ्ठ्यांखालचा गाठीचा भाग डॉक्टरांनी तसाच ठेवला आहे आणि त्यासाठी दर तीन महिन्यांनी माझा एमआरआय होतो.