कोरड्या विहिरीचं पुनर्भरण: माझा अनुभव

सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात, जमिनीखाली दगडगोटे आणि वाळूचे जाड थर आहेत. पाणी झपाट्यानं मुरतं, पण केळीसाठी उपसाही तसाच, त्यामुळे जुन्या विहिरी कोरड्या पडल्यात. अशी एक विहीर बुजवायची सोडून तिच्यातून पावसाचं पाणी जमिनीत घालायचं ठरवलं.

पहिला प्रश्न, पाणी घ्यायचं कुठलं? केळीच्या बागेतून वाहणारं घेतलं नाही. वाळूची गाळण गाळ अडवते, विरघळलेला युरिया किंवा फवारणीचं औषध अडवत नाही, आणि विहिरीत गेलेलं ते पाणी शेजाऱ्याच्या बोअरपर्यंत पोहोचतं. म्हणून वरच्या अंगाचं दोन एकर पडीक रान निवडलं. एका हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. दोन एकरांवर 40 मिमी पडला तर सुमारे 320 घनमीटर. त्यातला पाचवा हिस्साच वाहून आला असं धरलं तरी 64. विहिरीचा व्यास 6 मीटर, म्हणजे एक मीटर पाण्याला 28 घनमीटर लागतं. एका चांगल्या पावसात सव्वादोन मीटर भर.

रानातलं पाणी विहिरीकडे आणणाऱ्या चारीच्या तोंडाशी आधी गाळाचा खड्डा घेतला, दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. जादा पाणी नाल्यात जावं म्हणून त्याला सांडवा. त्यापुढे विहिरीपासून 3 मीटरवर गाळणीचा खड्डा, 2 बाय 2 बाय 2 मीटर. तळाला मोठे दगड, त्यावर छोटे गोटे, मग खडी, सगळ्यात वर वाळू. प्रत्येक थर 40 सेंटीमीटर, म्हणजे प्रत्येकाला अर्ध्या ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) थोडा जास्त माल. वरचे 40 सेंटीमीटर पाणी तुंबायला मोकळे.

खडी आणि वाळूमध्ये शेडनेटची दुहेरी जाळी घालाच. ती नसेल तर वाळू फटींतून खाली सरकते, पाइपात शिरते आणि दोन-चार पावसांत विहिरीच्या तळाशी वाळूचा ढीग दिसतो. वाळू घेण्याआधी काचेच्या बाटलीत मूठभर घालून पाण्यासह हलवली आणि तासभर ठेवली. वाळूवर बोटाच्या पेराएवढी चिकण माती बसली होती. ती गाडी परत पाठवली. अशी वाळू गाळणीत घातली तर ती पहिल्याच पावसात लिंपून बसते.

गाळणीच्या तळातून विहिरीत 4 इंची पीव्हीसी पाइप, उताराला. गाळणीतल्या टोकाला भोकं पाडून जाळी गुंडाळली. विहिरीतलं टोक बांधकामाच्या दीड फूट पुढे ठेवलं, नाहीतर धार भिंतीवर पडून सांधे उघडे होतात. सगळ्यात दुर्लक्षित जागा पाइपाभोवतीची. दगड काढून पाइप बसवल्यावर भोवती नुसती माती लोटली, तर पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढतं आणि बांधकामाला पोट येतं. तिथे सिमेंट भरलं, मागे चिकण माती थरा-थरानं चोपली.

मृगाच्या पहिल्या दोन पावसांचं पाणी सांडव्यानं सोडून दिलं. उन्हाळाभरची धूळ, काडीकचरा त्यातच असतो. पुढे खड्ड्यात पाणी तुंबून राहू लागलं तर समजायचं, वाळूवर गाळाची पापडी धरली. वरचे दोन इंच खरवडून, धुऊन परत घालायचे. काळ्या रानातलं पाणी असेल तर हे काम पावसाळ्यात तीन-चारदा निघतं, कारण त्यातली बारीक माती पहिल्या खड्ड्यात बसतच नाही.

आजूबाजूच्या शेतकऱ्यांना नुसतं सांगून पटलं नाही, आकड्यांनी पटलं. कठड्यावर लाल खूण करून तिथूनच पातळी मोजायची, सकाळी, शेजारचे पंप सुरू व्हायच्या आधी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. आम्हीही तेच महिने धरले आणि आकडे पारावरच्या फळ्यावर लिहिले. शेजारच्या चालू विहिरीचं पाणी पुनर्भरणाआधी आणि ऑक्टोबरात प्रयोगशाळेत दिलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवं. ते वाढताना दिसलं तर आधी चारीच्या तोंडाला फळी लावायची आणि वरच्या रानात कुणी खत टाकलं का, ते पाहून यायचं.