धुईतली तापी

भुसावळला माझा स्टुडिओ आहे. काम म्हणाल तर लग्नं, साखरपुडे, बारशी, प्रीवेडिंग, वर्षातले आठ महिने हेच. पण ११ वर्षं झाली, महिन्यातून एकदा तरी मी चांगदेवला जातोच, तापी-पूर्णेच्या संगमावर, आणि तिथे एकाच जागी ट्रायपॉड लावतो. ह्याचे पैसे कोणी देत नाही. खान्देशात समुद्र नाही, पण हतनूरचं धरण झाल्यापासून संगमावर पाणी इतकं लांबवर पसरतं की आमच्या माणसाला किनारा म्हणायचा तर तोच.

गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा त्या काठाच्या फोटोला गिऱ्हाईक मिळालं. जळगावच्या एका डॉक्टरांना नव्या दवाखान्याच्या वेटिंग हॉलमधे तापीचा फोटो लावायचा होता, सहा फूट रुंद, आणि अट एकच होती, सूर्यास्त नको, कारण तिथे बसलेला माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याला मावळणारं काही दाखवू नका असं ते म्हणाले. मला ते फार पटलं. मी जुन्या हार्ड डिस्क काढून बसलो, रात्री दोनपर्यंत हजारेक फोटो बघितले आणि जीव खट्टू झाला, कारण सगळे लख्ख उन्हातले. मे मधे आपल्याकडे पारा ४५ च्या वर, आभाळ पांढरंफटक, पावसाळ्यात गढूळ लोंढा, हिवाळ्यात कोरडी निळाई. धुकं दिसतं, पण पाण्यावर गुडघाभर, ऊन आलं की दहा-पंधरा मिनिटांत विरून जातं. काठच्या काठ गिळून टाकणारं धुकं मी इतक्या वर्षांत तिथे एकदाही बघितलं नव्हतं.

जानेवारी लागला आणि दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ एकदम मोकळं झालं आणि वारा पडला. जमीन ओली, वर ढग नाही, वारा नाही, म्हणजे रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाणार, जमिनीलगतची हवा गार होणार आणि तिच्यातल्या वाफेचे तिथल्या तिथे थेंब होणार. रात्री नऊला रावेरहून मावसभावाचा फोन आला, "उद्या धुई पडीन भो." आमच्याकडे शेतकरी धुकं म्हणत नाही, धुई म्हणतो, आणि आनंदाने कधीच म्हणत नाही. त्याच्या केळीवर थंडीने आधीच चरका आला होता, आता वरून धुई म्हणजे फवारणीचा खर्च. मी त्याला धीर दिला आणि फोन ठेवल्याबरोबर बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. त्या दोन गोष्टी एकाच मिनिटात केल्या ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला जळगावात हळद होती, ॲडव्हान्स घेतलेला, त्यामुळे नऊला कोणत्याही परिस्थितीत निघायचं असं ठरवूनच पाचला घर सोडलं. हायवेवर वीस-तीसच्या वर स्पीड नेता येईना, पुढच्या ट्रकचा लाल दिवा अगदी जवळ गेल्यावरच दिसायचा. आणि तिथेच मी चूक केली, समोरच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून गाडीत एसी लावला, कॅमेरा बॅगेतून बाहेर काढून शेजारच्या सीटवर गार झोतात ठेवलेला. चांगदेवला उतरलो तर पाच मिनिटांत लेन्सची समोरची काच दुधासारखी पांढरी. पुसली की परत तेच. गार काच बाहेरच्या हवेइतकी होईपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नसतो आणि उजेड काही थांबत नाही, मी कॅमेरा छातीशी धरून वीस मिनिटं नुसता उभा होतो.

पण त्या वीस मिनिटांत जे झालं ते एरवी झालं नसतं. चांगदेवाचं मंदिर दिसत नव्हतं. पाणी दिसत नव्हतं. माझे बूट दिसत होते आणि त्यांच्यापुढे दोन हात चिखल, बस. इथून जवळच मेहूणला तापीच्या काठी मुक्ताई विजेच्या लोळात गुप्त झाली हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, आणि त्या सकाळी सगळा काठच गुप्त झालेला बघून अंगावर काटा आला. मग ऐकू यायला लागलं. ठक, ठक, ठक. नावेच्या कडेवर वल्हं आपटायचा आवाज, मासे जाळ्याकडे हाकायला आमचे भोईकाका तसं आपटतात. तो आवाज डावीकडून येत होता म्हणजे जाळ्याच्या काठ्या माझ्या समोर थोड्या उजव्या हाताला, म्हणजे पाण्याची कड सात-आठ पावलांवर. डोळे मिटून घरातलं बटण सापडतं ना, तसं मला सगळं सापडत गेलं.

"कोन हाय रे तिकडं?"

"मी आहे काका, फोटोवाला."

"काठाकाठानंच ये, पानी वाढेल हाय."

मायकेल केन्ना नावाचा इंग्लंडचा मोठा फोटोग्राफर आहे, काळ्यापांढऱ्यात काम करतो, तो जपानच्या होक्काइदोला कुश्शारो तळ्याच्या काठचं एकच झाड काढायला पुन्हा पुन्हा जायचा. एकाच झाडाकडे इतक्यांदा कशाला जायचं हे मला त्या सकाळी हातापायांनी कळलं.

साडेसातला उजेड फुटला तेव्हा काच स्वच्छ झाली होती. ऑटोफोकस नुसता पुढे-मागे घुटमळत होता, धुक्यात त्याला धरायला काही कडच मिळत नाही, म्हणून मॅन्युअलवर घेतला आणि पहिल्या काठीवर लावला. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सेकंदाचा १/२५० भाग सांगत होता. मीटरला पांढरं कळत नाही, त्याला सगळं करडंच करायचं असतं, त्याचं ऐकलं तर धुक्याचा धूर होतो, म्हणून उजेड जास्त घ्यायला १/१०० ठेवला. फ्रेममधे पाच काठ्या, त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब आणि डाव्या कडेला काकांची नाव, तीही अर्धीच, मागचं टोक धुक्यात गेलेलं. क्षितिज नाही. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते मलाही ठरवता येईना. तेरा फोटो काढले आणि थांबलो.

आठ वाजून गेल्यावर धुकं पातळ व्हायला लागलं, पाठीमागून सूर्याची ऊब मानेवर जाणवली, आणि समोर पश्चिमेला, हतनूरच्या बाजूला, पाण्यावर एक पांढरी कमान उभी राहिली. इंद्रधनुष्यासारखीच, पण रंग नसलेली. धुक्याचं धनुष्य! वाचलेलं होतं, बघितलं कधी नव्हतं. पावसाच्या थेंबात रंग वेगळे होतात, धुक्याचे थेंब मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान, त्यांच्यात प्रकाश इतका फाकतो की रंग एकमेकांत मिसळून पांढराच पट्टा दिसतो, बाहेरच्या कडेला लालसर झाक असते, ती पण नीट बघितली तर. माझी वाईड लेन्स हळदीसाठी असिस्टंटकडे दिलेली, हातात चोवीस-सत्तर मिलिमीटरची लेन्स, तिच्या सगळ्यात रुंद टोकाला, चोवीसवरही, कमान दोन्ही बाजूंना कापली जात होती. मग कॅमेरा उभा केला आणि डावीकडून उजवीकडे एकावर एक चढवत सात फोटो घेतले, नंतर जोडायला. काका नाव काठाला लावून माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"हे काय दिसून ऱ्हायलं भो?"

मी सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "लहानपनी एकदा पाह्यलं होतं मी. बापानं हात जोडले होते." आणि त्यांनीही जोडले. पाच-सहा मिनिटांत कमान गेली, नऊ वाजले, मी हळदीला वेळेत पोचलो आणि दिवसभर कोणाशी धड बोललो नाही.

डॉक्टरांकडे मी दोन्ही फोटो घेऊन गेलो. घरच्यांचं, असिस्टंटचं, सगळ्यांचं मत कमानीला होतं. माझं नव्हतं. कमान बघून माणूस विचारतो हे काय आहे, उत्तर मिळालं की पुढे जातो. काठ्यांच्या फोटोसमोर डॉक्टर काही न विचारता उभे राहिले, मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. तोच ठरला. प्रिंट मुंबईहून करून घेतला, ३०८ जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, मॅट कागद, शंभर टक्के कापसाचा. कापसाच्या मुलखात जन्म गेला आणि कापसावर आपली नदी छापलेली पहिल्यांदा बघितली. नखाने कड चाचपली तर धोतराच्या जाड काठासारखी लागली.

एक छोटा प्रिंट फेब्रुवारीत भोईकाकांना नेऊन दिला. त्यांनी आधी हात लुंगीला पुसले, मग कागद दोन्ही हातांनी कडांना धरला. नावेकडे बघितलंच नाही. काठ्यांवरून बोट हवेतच फिरवत मोजलं, एक, दोन, तीन, आणि थांबले.

"हे तिसरी वाकडी हाय ना, ते मी संक्रांतीले बदलून टाकली."