कॅव्हनसाइटचा निळा

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

दिवाळीची साफसफाई या वर्षी माझ्या पथ्यावर पडली. आईने शोकेस रिकामं करायला लावलं आणि सगळे दगड (हा तिचा शब्द, मी 'नमुने' म्हणतो) जेवणाच्या टेबलावर आले. एवीतेवी बाहेर निघालेच आहेत तर फोटो काढून घेऊ म्हणून सकाळी नऊला ट्रायपॉड लावला. संध्याकाळपर्यंत चाळिसातले पाच झाले.

सगळा वेळ निळ्याने खाल्ला. माझ्याकडे पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतला एक कॅव्हनसाइट आहे, एक निळं खनिज. पांढुरक्या स्टिल्बाइटवर (हेही एक खनिजच) वाटाण्याएवढा निळा गोळा, आणि तोही नुसता गोळा नाही, एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या बारीक सुयांचा. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिघांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव पडलं. पहिल्यांदा तो १९६७ साली अमेरिकेत, ओरेगनमध्ये सापडला, पण संग्राहकांमध्ये त्याचं नाव झालं ते वाघोलीमुळे. नगर रोडने जाताना क्रशरची धूळ दिसली की आपण गाडीच्या काचा वर करतो. त्याच खाणींत, काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये हा निळा बसलेला असतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांच्या जागा राहिल्या, त्यांत गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून हे स्फटिक सावकाश वाढले. खाणवाल्याला हवी असते खडी. स्फटिक सुरुंगातून वाचला तर वाचला.

पहिला फोटो ट्यूबच्या उजेडात काढला. कपड्यांना घालायची नीळ सांडावी तसा एक डाग आला. सुई एकही नाही. मॉनिटरवर फोटोतल्या रंगांचा आलेख बघितला तेव्हा कळलं की लाल आणि हिरवा अर्ध्यावर असताना निळा काठोकाठ भरून सांडला होता. एकदा सांडला की त्यात बारकावे उरत नाहीत, मग कितीही खटपट करा. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा उजेड) दीड स्टॉप उतरवलं तशा सुया सुट्या झाल्या. पण मग स्टिल्बाइट राखेसारखा दिसायला लागला. डाव्या बाजूला फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोलचा तुकडा उभा केला, खिडकीला बटर पेपर चिकटवला, ट्यूब बंद केली. अकराच्या सुमाराला उजेड असा मऊ झाला की गोळ्याच्या कडेची एकेक सुई मोजता यावी. फोकस मात्र एका वेळी केसाएवढ्याच थरावर बसतो. म्हणून जवळच्या टोकापासून मागच्या खडकापर्यंत थोडं थोडं सरकत बावीस फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकावर एक जोडले. मधेच वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवला. तो अख्खा संच बाद.

तरी रंग जुळेना. दगड खिडकीत मॉनिटरशेजारी ठेवला आणि आळीपाळीने बघत बसलो. दगडात किंचित हिरव्याकडे झुकणारा निळा, पडद्यावर जांभळ्याकडे झुकणारा. सॅच्युरेशनची, म्हणजे रंग भडक करायची पट्टी जरा उजवीकडे ओढली की फोटो झकास दिसतो, हे मलाही कळतं. पण असल्याच एका फोटोला भुलून मी पूर्वी एक अपोफिलाइट नावाचा स्फटिक मागवला होता. फोटोत पोपटी, आणि खोक्यातून निघाला तो पाणी वाढवलेल्या पन्ह्याच्या रंगाचा. त्या विक्रेत्याला मनातल्या मनात अजून शिव्या देतो. तेव्हा पट्टी होती तिथेच ठेवली.

दुपारी तोच अपोफिलाइट घेतला. त्याचा हिरवा रंगही व्हॅनेडियमचाच. एकच धातू एका घरी निळा आणि दुसऱ्या घरी हिरवा! हा चौकोनी खांबासारखा वाढतो. बाजूंवर उभ्या बारीक रेघा आणि माथ्याला मोत्याची झाक. तो माथा म्हणजे आरसाच. तीन फोटोंत वरच्या पृष्ठावर गुलाबी सावली येत होती. लेन्स पुसली, दगड पुसला, शेवटी लक्षात आलं की तो माझा लाल टी-शर्ट आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात काळा कुडता घालून बसलो. आई म्हणाली, "दगडाच्या फोटोसाठी माणसाने कपडे बदललेले पहिल्यांदाच बघतेय."

मग स्टिल्बाइटची पेंढी. सुरेख, बिनतक्रार, दहा मिनिटांत झाली. तिच्यामागून कॅल्साइटही झाला. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

साडेचारला उजेड गेला. आवरायला घेतलं तर आईने कोपऱ्यातली प्लास्टिकची डबी पुढे केली. "याचा नको का?" आत ओकेनाइट. कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोळा, पण कापूस नव्हे, केसांहून बारीक स्फटिकांचा. त्याला बोट लावायचं नसतं, पाणी तर नाहीच. सात वर्षांपूर्वी अशाच दिवाळीच्या सफाईत आईने तो ओल्या फडक्याने पुसला. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नव्हतो. तेव्हापासून डबी शोकेसमध्ये मागेच असते, आणि त्या विषयावर दोघंही बोलत नाही.

उजेड नव्हता तरी टेबललॅम्प एका बाजूने लावून काढला. पडद्यावर मोठा केला. उजवी बाजू तशीच फुललेली, एकेक केस उभा. डावीकडे मात्र तेल लावून चापून बसवल्यासारखे चिकटलेले, आणि मधोमध एक लांबट खळगा.

आई चष्मा लावून जवळ आली. बराच वेळ बघत होती. मग आपला अंगठा त्या खळग्यासमोर धरून म्हणाली, "माझाच आहे की रे हा."

फाइलला नाव द्यायचं होतं. 'ओकेनाइट, पुणे' एवढं टाइप केलं, मग पुढे 'आई, २०१८' असंही घातलं. राहिलेले पस्तीस पुढच्या रविवारी, शोकेस तोवर रिकामंच.