समुपदेशकाविरुद्ध तक्रार अर्ज

समुपदेशनाच्या खोलीत बोललेली गोष्ट माझ्या सासूबाईंपर्यंत पोचली. त्यानंतर मी काय केलं ते इथे लिहिते आहे, कारण अशी तक्रार कुठे करायची हे सांगली-मिरजेत मला कुणीच धड सांगू शकलं नाही.

आम्ही सांगलीवाडीचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. आमच्या घरात पाणी शिरलं तरी आत्या, म्हणजे सासूबाई, म्हशीला सोडून निघायला तयार नव्हत्या. बोट येईपर्यंत धाकट्याला खांद्यावर घेऊन मी जिन्यात उभी होते. तेव्हापासून पाऊस लागला की झोप जाते. कोयनेचा विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला तरी छातीत धडधडतं. म्हणून विश्रामबागेतल्या एका केंद्रात जायला लागले. तिथे एकदा बोलून गेले, की आत्यांचा मला फार राग येतो, त्यांच्या हट्टापायी माझं पोर गेलं असतं. हे मी नवऱ्याजवळसुद्धा कधी बोलले नव्हते.

समुपदेशक बाई आमच्या चुलत नणंदेच्या ओळखीच्या निघाल्या. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आत्या म्हणाल्या, "माझ्यामुळं तुझं पोरगं बुडालं असतं म्हणं." तव्यावरची भाकरी उलटायची राहिली, करपून धूर आला, तरी त्यांचा हात पिठातच होता. त्या रात्री आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही.

केंद्राच्या प्रमुखांना भेटले तर म्हणाले, "ताई, काळजीपोटी बोलल्या असतील. घरातलीच माणसं आहेत ना?" मला सगळ्यात जास्त याच वाक्याचा राग आला. परक्या माणसाला कळलं असतं तर मी विसरून गेले असते. घरातल्यांसोबत मात्र रोज एका पंगतीला बसायचं असतं. आत्यांना हे सांगायचं की नाही, कधी आणि कोणत्या शब्दांत, हे मी ठरवणार होते. त्यासाठीच तर तिथे जात होते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे आणि माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर टाकलेलं आहे. त्याला अपवाद आहेत: रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, उपचारात सहभागी असलेले इतर तज्ज्ञ, कुणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, असे. केवळ नातेवाईक आहे म्हणून सांगा, असं त्यात कुठेही नाही.

मी पतसंस्थेत काउंटरला असते. लोकांचे तक्रार अर्ज घेणं आणि पोच देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे तोंडी बोलणं थांबवलं आणि लेखी अर्ज दिला. पहिल्या मसुद्यात मनातला सगळा संताप उतरला होता, तो काढून टाकला. कोणत्या तारखेला मी काय बोलले, ते कुणाकडून परत ऐकलं आणि मला काय हवं, एवढंच ठेवलं. लेखी खुलासा, माझ्या नोंदी कुणाकुणाला बघायला मिळतात याची माहिती आणि बाईंचा नोंदणी क्रमांक मागितला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ठेवून जा, सरांना देते." मी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय हलले नाही.

नोंदणी क्रमांक एवढ्यासाठी, की पुढची वाट त्यावरूनच ठरते. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतील तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तर तक्रार तिकडे. रुग्णाला दाखल करून घेणारी संस्था असेल तर कलम 28 प्रमाणे आधी तिथल्या प्रमुखांकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं. नुसतं 'समुपदेशक' असं पाटीवर लिहिलेलं असेल तर वाट अवघड होते. पण फी भरलेली असली की जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायला हवं आणि वकील सक्तीचा नाही. म्हणून फीच्या पावत्या फेकू नका.

नवरा म्हणाला, "जाऊ दे, उगाच गावभर होईल." त्याची भीती खोटी नाही. इथे वेड्याच्या डॉक्टरकडे जाते हे कळलं की मुलांच्या सोयरिकीपर्यंत विषय जातो. पण याच भीतीमुळे कुणी तक्रार करत नाही, आणि मग त्या खोलीत बसणाऱ्या पुढच्या बाईचंही असंच होतं.

केंद्राकडून दोन ओळींचं उत्तर आलं, 'गैरसमज झाला असावा.' नोंदणी क्रमांकाबद्दल एक अक्षर नाही. आता ग्राहक आयोगासाठी कागद जुळवते आहे.

उपचार मात्र सोडलेले नाहीत. मिरजेत दुसरीकडे जाते. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी कोणती गोष्ट कुणाला आणि कधी सांगावी लागू शकते ते समजावलं आणि मगच सही घेतली. मधल्या काळात रात्री फारच जड गेलं तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला होता. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

माझ्या अर्जाचा मसुदा कुणाला हवा असेल तर सांगा. नावं काढून देईन.