मुलं गळतात ती मधल्या दिवसांत

शिक्षण सुटलेल्या आणि हाताला काम नसलेल्या मुलांसाठी कार्यक्रम आखताना सगळा जीव ओतला जातो तो अभ्यासक्रमावर: कोणते विषय, किती तास, शेवटी कोणतं प्रमाणपत्र. पण पहिला फोन आणि पहिली भेट यांच्यामध्ये काही मुलं गळतात. भेट झाल्यावर वर्ग सुरू होईपर्यंत आणखी काही. वर्ग संपून काम लागेपर्यंत, आणि काम लागल्यावर पहिला पगार हातात पडेपर्यंत उरलेल्यांतली कितीतरी. या मधल्या दिवसांची जबाबदारी कागदावर कुणाचीच नसते. ती कुणाची तरी असायला हवी, आणि पहिल्या फोनपासून नोकरीत स्थिरावेपर्यंत ती एकाच माणसाची, मुलाच्या मार्गदर्शकाची, असायला हवी.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली जगातल्या १५ ते २४ वयाच्या तरुणांपैकी साधारण पाचातला एक जण शिक्षणात, प्रशिक्षणात किंवा कामात कुठेच नव्हता. त्यात तीनांतल्या दोन मुली. बेरोजगारीच्या आकड्यात हे सगळे येत नाहीत, कारण तिथे बेरोजगार धरतात तो काम शोधणाऱ्याला, आणि मिळालं तर लगेच रुजू होऊ शकणाऱ्याला. शोधणंच सोडून दिलेला मुलगा किंवा घरातल्या आजारी माणसाचं सगळं करणारी मुलगी त्या मोजणीबाहेर राहते. फलक लावून, जाहिरात देऊन ही मुलं येणार नाहीत. त्यांच्यापर्यंत जावंच लागतं.

जायचं कुणाकडे, तर शाळेने नाव कमी केलेल्या मुलांकडे, तेही नाव कमी झाल्यावर शक्य तितक्या लवकर. स्वीडनमध्ये २० वर्षं पूर्ण न झालेल्या आणि उच्च माध्यमिक शिक्षणात नसलेल्या मुलांची माहिती ठेवणं आणि त्यांच्याशी संपर्क साधणं हे नगरपालिकेचं कायदेशीर काम आहे. जिथे असा कायदा नाही, तिथे यादी स्वतः बनवावी लागते, ती यांना विचारून: शाळेचे शिक्षक, खेळाचे प्रशिक्षक आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे आधी कार्यक्रमात येऊन गेलेली मुलं. मित्राने आणलेला मित्र सहसा थांबतो.

पहिला निरोप छोटा ठेवा. "नमस्कार, मी अमुक. तुझ्या मित्राकडून नंबर मिळाला. काम आणि अर्धवट राहिलेली परीक्षा, दोन्हीसाठी मदत करतो. गुरुवारी चार वाजता अर्धा तास भेटायला जमेल का? कागदपत्रं काही नकोत." इतकं पुरे. निरोप दुपारनंतर पाठवा, सकाळी ही मुलं बहुधा झोपलेली असतात. उत्तर आलं नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. आई-वडिलांना आधी फोन करू नका. तो फोन मुलाच्या कानावर तक्रार म्हणूनच पोहोचतो.

पहिल्या भेटीत लांबलचक फॉर्म काढला की भेट तिथेच संपली. "शाळा का सोडलीस?" हा प्रश्नही आधी नको. त्याचं उत्तर मुलाने दहा जणांना दिलेलं असतं आणि प्रत्येक वेळी बोलणी खाल्लेली असतात. त्याऐवजी कालचा दिवस तासातासाने विचारा: कधी उठलास, मग काय, संध्याकाळी कुठे, झोपलास कधी. त्यातून कळतं की धाकट्या भावंडाला शाळेतून आणायची जबाबदारी तिच्यावर आहे, किंवा तो पहाटे चारपर्यंत जागा असतो, किंवा घरात एकच फोन आहे आणि तो दिवसा वडिलांकडे असतो. वेळापत्रक या उत्तरांवरून ठरवायचं. भावंडाला तीन वाजता आणणाऱ्या मुलीला दोन ते पाचची बॅच दिली, तर तिची गैरहजेरी आपणच ठरवलेली असते. भेट संपण्याआधी पुढची तारीख ठरलीच पाहिजे, तीन दिवसांच्या आत, आणि तोवर करायचं एक छोटं काम द्यायचं: जुना निकाल शोधणं, किंवा दाखल्याचा फोटो पाठवणं.

कागदपत्रं हा पहिला मोठा खड्डा. शाळा सोडल्याचा दाखला हरवलेला, नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं, जन्मतारखेत फरक, बँक खातं बंद पडलेलं. नोकरीचं पत्र हातात आल्यावर हे शोधायला बसलं की जागा हातची जाते. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक फाइल करा आणि त्यातल्या प्रत्येक कागदाचा फोटो मुलाच्या फोनमध्ये ठेवा. कार्यालयात पहिल्यांदा सोबत जा. पत्ता लिहून दिला म्हणजे काम झालं असं नाही. खिडकीवरून एकदा परत पाठवलेला मुलगा दुसऱ्यांदा जात नाही. फिनलंडमध्ये ३० वर्षांखालच्या तरुणांसाठी 'ओह्यामो' नावाची केंद्रं आहेत. तिथे शिक्षण, काम, घर, आरोग्य यांची माहिती देणारी माणसं एकाच जागी भेटतात आणि आधी वेळ न घेताही जाता येतं. आपल्याला तसं केंद्र उभारता आलं नाही तरी सोबत जाणारा माणूस देता येतो.

मग वाचन आणि गणित तपासायचं, पण परीक्षा म्हणून नव्हे. साध्या मजकुराचे शंभर शब्द मोठ्याने वाचायला द्या, एकट्यात, इतर मुलांसमोर नाही. दहापेक्षा जास्त शब्द अडले तर तो मजकूर त्याच्यासाठी कठीण आहे, खालच्या पातळीचा घ्या. गणितात अपूर्णांक, टक्केवारी आणि मोजपट्टी वाचता येते का, एवढंच बघा. त्याच आठवड्यात डोळे तपासून घ्या, कानही. फळ्यावरचं दिसत नव्हतं म्हणून मागे पडलेलं मूल वर्षानुवर्षं 'लक्ष नाही' या शेऱ्याखाली काढतं, आणि त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागतं.

वर्ग वर्षातून एकदा सुरू होत असेल तर हा सगळा खटाटोप वाया जातो. जूनमध्ये तयार झालेला मुलगा सप्टेंबरपर्यंत थांबत नाही. दर पंधरा दिवसांनी नवी मुलं घेता येतील अशी रचना हवी: छोटे, सुटे घटक, कुठूनही सुरू करता येतील असे. गट आठ ते बारा जणांचा. पहिल्या आठवड्यात तीन दिवस, दोन-दोन तास, मग हळूहळू वाढवत कामाच्या वेळेइतकं. पहिल्याच दिवसापासून नऊ ते पाच बसवलं तर आठवडाभरात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसतात, आणि त्याचं कारण आळस नसून बिघडलेली झोप असते. झोपेचं घड्याळ एका दिवसात फिरत नाही. उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणायची, सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवायची आणि उठल्या उठल्या उजेडात जायचं.

अर्धवट राहिलेली परीक्षा एका दमात पुरी करायला लावू नका. जिथे एकेका विषयाने पुढे जाता येतं, तिथे पहिला विषय असा निवडा की तो नक्की सुटेल. नोंदणीची शेवटची तारीख मार्गदर्शकाच्या वहीत लिहिलेली असावी, ती हुकली की वर्ष जातं. आणि गणित कामातूनच शिकवा: फरशी किती लागेल हे काढताना क्षेत्रफळ येतं, रंग मिसळताना गुणोत्तर येतं.

काम मात्र शिक्षण पूर्ण होण्याची वाट बघत मागे ठेवू नये. आधी महिनोन्महिने तयारी आणि मग नोकरी, या क्रमात मुलं थकतात. थोडी तयारी, लवकर काम आणि कामावर असताना भक्कम आधार, हा क्रम माझ्या मते बरा. युरोपीय संघाने २०१३ साली 'युवा हमी' ठरवली: शिक्षण किंवा काम सुटल्यापासून चार महिन्यांच्या आत नोकरी, पुढचं शिक्षण, उमेदवारी (म्हणजे काम करत शिकणं) किंवा प्रशिक्षण यांपैकी एक चांगली संधी देऊ करायची. मधल्या काळाला मर्यादा घातली, हे त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मालकाशी बोलताना दयेची भाषा नको. दोन ते पाच दिवसांचं चाचणीकाम मागा, मोबदल्यासह. एका पानावर लिहून घ्या: कामाची वेळ, सुट्टी, नेमकं काम काय, शिकवणार कोण, पगार कोणत्या तारखेला, यायला जमणार नसेल तर फोन कुणाला करायचा. शिकवणारा माणूस प्रत्यक्ष कामाच्या जागेवरचा हवा, ऑफिसातला नाही. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी मुलाला घेऊन तो रस्ता त्याच वेळेला जाऊन बघा. "मला आज वीस मिनिटं उशीर होईल" हे वाक्य फोनवर म्हणायची तालीम घ्या. अनेकांनी ते आयुष्यात कधी म्हटलेलं नसतं, आणि म्हणता येत नाही म्हणून ती त्या दिवशी जातच नाहीत.

पहिला खाडा फार महत्त्वाचा. एक दिवस चुकला की शरमेने दुसरा चुकतो, तिसऱ्या दिवशी नोकरी सुटलेली असते. म्हणून त्याच दिवशी दुपारच्या आत फोन. "का गेला नाहीस?" हा जाब नको. "उद्या जायला काय लागेल?" एवढंच. पुष्कळदा उत्तर प्रवासाचे पैसे हेच असतं. पगार महिन्याने होतो, भाडं रोज द्यावं लागतं. पहिल्या पगारापर्यंतच्या प्रवासाची आणि जेवणाची तरतूद कार्यक्रमाच्या खर्चातच धरलेली हवी, आणि मालक तयार असेल तर पहिला महिना आठवड्याने पैसे देण्याची विनंती करावी.

फोन पहिल्या संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी, आठवडा संपताना आणि पगाराच्या दिवशी. पुढे दर पंधरवड्याला, निदान सहा महिने. एका मार्गदर्शकाकडे पंधरा-वीसपेक्षा जास्त मुलं दिली तर हे होत नाही, मग वही भरते आणि फोन राहतात. पहिली नोकरी सुटेल हे धरूनच चालावं आणि मुलाला ते आधी सांगावं, म्हणजे सुटल्यावर तो तोंड लपवणार नाही, त्याच आठवड्यात परत येईल.

निधी देणारे बहुधा किती मुलं घेतली आणि किती कामाला लावली हे विचारतात. पैसे फक्त कामाला लावण्यावर मिळत असले की संस्था नकळत सोपी मुलं निवडू लागतात, आणि ज्यांच्यासाठी हे सुरू झालं ती पुन्हा बाहेर राहतात. नोंदवहीत तीन रकाने वाढवा: तीन, सहा आणि बारा महिन्यांनंतर मुलगा कुठे आहे. आणखी एक रकाना हवा, दोन टप्प्यांमध्ये किती दिवस गेले याचा. निरोप ते भेट, भेट ते वर्ग, वर्ग ते काम. दर महिन्याच्या बैठकीत तो रकाना आधी वाचा आणि ज्या टप्प्यात सगळ्यात जास्त दिवस गेले असतील, पुढच्या महिन्यात तिथेच माणूस लावा.