उंबरठा आणि टाच

गाड्यांना पारदर्शक फिल्म लावणं हा माझा धंदा. पेंट प्रोटेक्शन फिल्म, सगळे पीपीएफ म्हणतात ती. बॉनेट, बंपर, आरसे ही रोजची कामं. दाराचं सिल, म्हणजे गाडीचा उंबरठा, हे मात्र बरीच वर्षं मी शेवटी उरकायचं काम समजत होतो. दिवस मावळताना, उरलेल्या तुकड्यातून.

त्या दिवशी सकाळी शटर वर करतोय तोच काका दारात हजर. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या गडद लाल, दोन आसनी स्पोर्ट्स कारला मीच फिल्म लावली होती. साठी ओलांडलेला माणूस, गाडीवर पोटच्या पोरासारखा जीव. काही न बोलता त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि बोट दाखवलं. उंबरठ्याच्या आतल्या कडेला फिल्म हातभर सुटली होती, जुन्या पुस्तकाच्या पानासारखी दुमडली होती. सुटलेल्या भागाखाली करडी माती बसलेली, आणि मातीखाली चरे.

“तुम्ही तर म्हणाला होतात, हिच्यावरचे चरे आपोआप भरून येतात!”

म्हणालो होतो खरा. फिल्मच्या वरच्या थरावरच्या केसासारख्या बारीक रेषा उन्हाने किंवा कोमट पाण्याने मिटतात, हे खरंच आहे. पण फिल्म फाटली किंवा कडेने उचकटली तर ती काय भरून येणार? आणि खालच्या रंगावरचा चरा तर तिच्या हिशोबातच नाही. हे वाक्य मी त्यांना दोन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं.

ते सोडून मी आपला बचावावर उतरलो. गाडी दुसरीकडे धुतली का? आतल्या प्लॅस्टिकला चकाकीचं पॉलिश मारलं का? त्यातलं सिलिकॉन उंबरठ्यावर उतरलं की फिल्मचा गोंद कड धरत नाही. काका प्रत्येक प्रश्नाला “नाही” म्हणत होते आणि प्रत्येक “नाही” आधीपेक्षा चढ्या आवाजात येत होतं.

आमचा हाताखालचा पोरगा मागे बादल्या विसळत होता. त्याने मान वर न करताच विचारलं, “दादा, काका उतरताना टक् असा आवाज येतो. तो कसला?”

आम्ही दोघंही गप्प. काकांना पुन्हा बसून उतरायला सांगितलं. आधी ‘टक्’, मग बारीकसं ‘खर्रर्र’.

अशा गाड्यांचा उंबरठा उंच आणि रुंद असतो, तो शोभेसाठी नव्हे. गाडीची ताकद बऱ्याचदा तिथेच असते. १९५४ साली आलेल्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये पोलादी नळ्यांची चौकट दाराच्या जागेत इतकी वर आली होती की नेहमीसारखी दारं बसेनात. शेवटी बिजागऱ्या छताला लावून ती वर उघडणारी केली. १९९६ च्या लोटस एलिसची चौकट गोंदाने जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, तिच्याही दोन्ही बाजूंचे पट्टे असेच खोल आणि रुंद. सीट जमिनीलगत, पाय लांब पसरलेले आणि मध्ये हा कट्टा. तरणा माणूस उडी मारल्यासारखा बाहेर येतो. गुडघे दुखणारा माणूस काय करेल, याचा विचार मी केलाच नव्हता. फिल्म लावताना गाडीत कुणी बसलंच नव्हतं ना! रिकाम्या गाडीचं माप घेतलं आणि कापलं.

मी खडू आणायला पाठवलं, निळा आणि लाल. उंबरठ्यावर मास्किंग टेपचे पट्टे शेजारी शेजारी चिकटवले. बसताना काकांच्या बाहेरच्या पायाच्या बुटाला निळा खडू घासायचा, बसल्यावर तो पुसून उतरण्यापूर्वी लाल. दहा वेळा करू म्हणालो. सहाव्या वेळी काका सीटवरच थांबले.

“फिल्मची परीक्षा चाललीय की माझ्या गुडघ्यांची?”

सहा पुरे होते. निळे फराटे उंबरठ्याच्या माथ्यावर इकडेतिकडे, फिकट. लाल मात्र सगळे एका जागी, तळहाताएवढ्या पट्ट्यात, आतल्या काठावर. गुडघा पुरता वाकत नव्हता. म्हणून उतरताना टाच आतून काठाला आपटायची आणि मग घासत वर यायची. आणि मी फिल्मची कड कुठे संपवली होती? त्याच काठाच्या बोटभर खाली, उघडी. रोज दोन-चार वेळा बुटाची टाच तिला खालून वर उचकटत होती. गोंदाचा काही दोष नव्हता.

फिल्म काढताना हीट गनची ऊब देत, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढत गेलो. अशा वेळी घाई केली की गोंद मागे राहतो, आणि रंग पुन्हा मारलेला असेल तर तोही फिल्मबरोबर येऊ शकतो. खाली चार चरे. तिघांवरून नख सरळ गेलं, एकात अडकलं. नख अडकलं म्हणजे चरा खोल. उंबरठा अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र चाललं (कार्बन फायबर असता तर आमच्याकडचं यंत्र मुकंच बसलं असतं). आकडा आला ९२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भागही नाही. बाहेरच्या पत्र्यावर सहसा १०० ते १५० मिळतात. दाराच्या आत कंपनीचाच रंग पातळ असतो. त्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० चा. आणि मी लावतो ती फिल्म एकटीच २०० मायक्रॉन! तीन चरे मशीनने हलकेच काढले. चौथा तसाच ठेवला. तो घालवण्याच्या नादात क्लिअर कोट संपवला असता, तर मग रंगारीच गाठावा लागला असता. काकांना हे पटायला वेळ लागला. शेवटी पटलं की कंटाळा आला, ते मला अजून कळलेलं नाही.

नवीन तुकडा रोलमधूनच कापला, चांगला रुंद. दाराच्या चौकटीवरचं रबर, आम्ही त्याला बीडिंग म्हणतो, ते ओढून बाजूला केलं. अल्कोहोल-पाण्याने काठ दोनदा पुसला. साबणाच्या पाण्यावर फिल्म सरकवत जागेवर आणली, स्क्वीजीने, म्हणजे रबरी पात्याने, मधून बाहेर पाणी काढत गेलो, आणि माथ्यावरून आत वळवून तिची कड थेट बीडिंगच्या खाली नेली. आता टाच कुठूनही आली तरी उचकटायला कडच सापडणार नाही. वळणावर फिल्म ताणायचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण ताणलेली फिल्म रात्रीतून मागे सरकते. सिलच्या तळाशी पाणी निथळायची भोकं असतात, ती झाकली गेली नाहीत ना, हेही बोट फिरवून पाहिलं.

लाल खुणांच्या जागी तळहाताएवढा आणखी एक तुकडा, फिल्मवर फिल्म. झिजला तर तेवढाच बदलायचा. त्याची चौकोनी रेष जवळून दिसते, नाही असं नाही. काकांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, दुसरा उपाय फुकटचा आहे: उतरताना आधी दोन्ही पाय एकत्र उचलून बाहेर ठेवायचे आणि मग उठायचं.

“या वयात मला गाडीतून उतरायला शिकवू नका,” ते म्हणाले. “लावा तो तुकडा.”

पैशांचा विषय दोघांनीही काढला नाही. कडा नीट धरायला गाडी रात्रभर ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आले. चष्मा कपाळावर सरकवून काठ निरखला, चौथ्या चऱ्यावरून अंगठा फिरवला. मग आत बसले आणि लगेच उतरले. ‘टक्’ आलाच नाही, नुसता ‘ठप्’. पोऱ्याने माझ्याकडे पाहिलं. काका पुन्हा बसले, पुन्हा ठप्. चेहरा जरा सैल झालासा वाटला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष खाली गेलं. पायाखालच्या नव्याकोऱ्या मॅटवर टाचेचे ठसे उमटले होते. निळे, आणि त्यांच्यावर लाल.

“आणि हे कोण पुसणार?”