दम्याची अँटिबॉडी: इंजेक्शनाआधीची निवड

मेपोलिझुमॅब हे अँटिबॉडीचं इंजेक्शन आज तीव्र दम्यात सर्रास वापरलं जातं. पण 2007 साली प्रसिद्ध झालेल्या 362 रुग्णांच्या चाचणीत त्याने निराशाच केली होती. रक्तातल्या आणि कफातल्या इओसिनोफिल (दम्यात सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या) पेशी कमी झाल्या, रुग्णाला मात्र फरक पडेना. रुग्ण घेताना इओसिनोफिल पाहिलेच नव्हते, आणि मुख्य मोजमाप होतं सकाळच्या पीक फ्लोचं, म्हणजे जोरात फुंकताना हवा किती वेगाने बाहेर पडते याचं. 2009 मध्ये दोन छोट्या चाचण्यांत कफात इओसिनोफिल असलेलेच रुग्ण घेतले, झटके मोजले, आणि तेच औषध पास झालं.

म्हणून अशा औषधाची चाचणी घेताना रुग्णांच्या निवडीवर वेळ घालवावा. तोंडाने स्टिरॉइड चालू असेल तर इओसिनोफिल दबलेले दिसतात. जुने रिपोर्ट मागवा. स्पायरोमेट्रीत (फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीत) पंपानंतर एफईव्ही-1, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, किमान 12 टक्के आणि 200 मिली वाढायला हवी, पण त्याआधी चार ते सहा तास झटपट काम करणारा पंप घेतलेला नसावा. एवढं साधं पथ्य चुकलं की सुधारणा दिसतच नाही, आणि योग्य रुग्ण बाहेर जातो.

इंजेक्शनाआधीचे काही आठवडे रुग्ण नेहमीचीच औषधं घेतो. इथे पंपावरचा डोस-काउंटर बघाच. दमा आटोक्यात नसलेल्या कित्येकांचा खरा प्रश्न न घेतलेला किंवा चुकीचा ओढलेला पंप असतो. हे लोक चाचणीत शिरले तर देखरेखीनेच सुधारतात, आणि प्लासिबो (औषध नसलेलं खोटं इंजेक्शन) गटही छान दिसू लागतो.

झटक्याची व्याख्या कडक हवी: किमान तीन दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या, किंवा दम्यासाठी इमर्जन्सीत जावं लागणं किंवा ॲडमिट होणं. सात दिवसांच्या आत पुन्हा गोळ्या लागल्या तर तो बहुधा आधीचाच झटका धरतात. चाचणीची मुदत 52 आठवडे, म्हणजे सगळे ऋतू येतात.

कोणाला खरं औषध मिळतंय हे गुपित फुटतं ते साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून. बेनरॅलिझुमॅब या दम्याच्या दुसऱ्या अँटिबॉडीवर इओसिनोफिल जवळपास शून्यावर येतात, त्यामुळे तो आकडा डॉक्टरांपासून झाकावा लागतो. तापासाठी बाहेरच्या लॅबमध्ये रक्त दिलं की सगळं उघड!

टेझेपेलुमॅब या आणखी एका अँटिबॉडीची गंमत बघा. नॅव्हिगेटर चाचणीत वर्षाला झटके 0.93, प्लासिबोवर 2.10. सोर्स चाचणीत मात्र प्रश्न होता स्टिरॉइडच्या गोळ्या किती कमी होतात. 48 आठवड्यांत गोळ्यांचा डोस सावकाश उतरवला, तर प्लासिबोवाल्यांच्याही गोळ्या भरपूर कमी झाल्या आणि मुख्य निकषावर औषध हुकलं.